तिरक्या खिडकीला सरळ पडदा

बँकेत, दवाखान्यात, तहसील कचेरीत साहेबांच्या खोलीत उभ्या पट्ट्यांचा पडदा सगळ्यांनीच पाहिलेला असतो. मण्यांची साखळी ओढली की पट्ट्या जागच्या जागी वळतात, दोरी ओढली की एका बाजूला गोळा होतात. चौकोनी खिडकीवर हा व्हर्टिकल ब्लाइंड इतका निमूट बसतो की त्यामागे काही हिशेब असेल असं वाटतही नाही. जिन्यालगतची तिरकी काच, उतरत्या छपराखालची त्रिकोणी खिडकी, गोलाईत वळलेला कोपरा किंवा जुनी कमान समोर आली की मात्र तो हिशेब मांडावाच लागतो. अशा खिडकीचं माप घेऊन दुकानात गेलं की "इथं ब्लाइंड नाही बसणार, साधा पडदा लावा" असं उत्तर पुष्कळदा मिळतं. बहुतेक खिडक्यांच्या बाबतीत ते खरं नसतं. ब्लाइंड बसतो, माप वेगळ्या रीतीने घ्यावं लागतं आणि काही ठिकाणी एकेक पट्टी निराळी कापावी लागते, इतकंच.

या पडद्याची सारी रचना एका साध्या गोष्टीवर उभी आहे. प्रत्येक पट्टी वरच्या टोकाला, बरोबर मधोमध, एकाच हुकावर टांगलेली असते आणि तिच्या खालच्या घडीत वजन घातलेलं असतं. गवंड्याचा ओळंबा जसा भिंत कलली म्हणून कलत नाही, तशीच ही पट्टी. चौकट वाकडी असो, छप्पर उतरतं असो, पट्टी जमिनीकडे सरळच लोंबते. म्हणून खिडकीच्या आकाराशी जुळवून घेण्याचं काम ट्रॅकच्या कोनाने आणि पट्टीच्या लांबीने करायचं. पट्टी तिरकी कापून तिला खिडकीसारखं करायला जाणारे फसतात ते इथेच.

आधी पडद्याची ओळख. वर अ‍ॅल्युमिनियमचा पोकळ ट्रॅक, त्यात सरकणारे प्लास्टिकचे रनर, प्रत्येक रनरला एक हुक, हुकात हँगर आणि हँगरला पट्टी. ट्रॅकच्या पोटातून एक लांब खाचदार रॉड जातो. साखळी ओढली की रॉड फिरतो आणि त्याच्यासोबत सगळे हुक एकदम वळतात. रनर एकमेकांना ठरावीक लांबीच्या दुव्यांनी जोडलेले असतात, त्यामुळे पडदा पसरला की पट्ट्यांमधलं अंतर आपोआप सारखं पडतं. पट्टीची रुंदी जगभर मुख्यतः दोन मापांत मिळते, ८९ मिलिमीटर आणि १२७ मिलिमीटर, म्हणजे साडेतीन आणि पाच इंच. आपल्या बाजारात चार इंची पट्टीही भरपूर चालते. बंद केल्यावर फट राहू नये म्हणून शेजारच्या दोन पट्ट्या एकमेकींवर सेंटिमीटरभर चढतात. म्हणजे ८९ मिलिमीटरच्या पट्टीमागे खिडकी झाकली जाते ती साधारण ८० मिलिमीटर. हा ८०चा आकडा पुढे सतत लागणार आहे.

आडव्या पट्ट्यांचा पडदा यापेक्षा खूप जुना. लंडनमध्ये एडवर्ड बेरन याने १७६९ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि पट्ट्यांचा कोन बदलण्याच्या युक्तीचं पेटंट न्यू ऑर्लिन्सच्या जॉन हॅम्पसनने १८४१ मध्ये घेतलं. उभ्या पट्ट्या आल्या त्या विसाव्या शतकाच्या मध्यावर, अमेरिकेत. पण वय कमी असलं तरी एका कामात उभी पट्टी आडवीपेक्षा सरस आहे, आणि ते काम महाराष्ट्रातल्या घरांना रोजचं आहे.

ते म्हणजे पश्चिमेचं ऊन. पुण्या-मुंबईत मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. दक्षिणेच्या खिडकीला त्या वेळी छज्जा पुरतो. पश्चिमेच्या खिडकीवर चार-साडेचारला ऊन छज्ज्याच्या खालून तिरपं आत शिरतं, आणि त्याला अडवायला उभा आडोसाच लागतो. पट्ट्या उत्तरेकडे तोंड करून वळवल्या की ऊन पाठीवर घेतात आणि उत्तरेचा मंद उजेड आत सोडतात. जिन्यालगतच्या उंच काचा, लोणावळा-महाबळेश्वरकडच्या बंगल्यांतल्या छपराला भिडलेल्या त्रिकोणी खिडक्या पश्चिमेला असतील तर दुपारनंतर तिथे उभं राहवत नाही. कापडी पडद्याने ऊन अडतं, पण उजेड आणि बाहेरचा डोंगरही अडतो. त्यासाठीच ही खटपट करण्यासारखी आहे.

माप घेताना पहिला प्रश्न आकाराचा नसून खोलीचा, म्हणजे चौकटीच्या आत किती जागा आहे याचा असतो. ८९ मिलिमीटरची पट्टी पूर्ण आडवी वळली की ट्रॅकच्या मध्यरेषेपासून दोन्हीकडे साडेचार सेंटिमीटर बाहेर येते. मध्यरेषा काचेपासून, किंबहुना खिडकीच्या कडीपासून, निदान साडेपाच सेंटिमीटर दूर हवी. १२७ मिलिमीटरच्या पट्टीला साडेसात. सरकत्या अ‍ॅल्युमिनियम खिडकीत जाळीचं झडप आतल्या बाजूला असतं आणि त्याची मूठ पुढे आलेली असते, ती हमखास विसरली जाते. मग पडदा लागतो आणि तिसऱ्या दिवशी दोन पट्ट्यांच्या कडा मुठीला घासून दुमडलेल्या दिसतात.

दुसरं, चौकट काटकोनात आहे की नाही. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी घ्यायची, उंचीही तीन ठिकाणी, आणि दोन्ही कर्ण. १८०० मिलिमीटर रुंद आणि २१०० उंच खिडकीचा कर्ण २७६६ मिलिमीटर भरतो. दोन कर्णांत सेंटिमीटरभराहून जास्त फरक निघाला, तर ती खिडकी दिसायला चौकोनी असली तरी खरी चौकोनी नाही आणि तिला वाकड्या खिडकीचाच हिशेब लावायचा. आपल्याकडे फिटर इंच आणि सुतात बोलतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरहून किंचित जास्त. सरळ खिडकीला ते पुरतं. उतार असेल तिथे मात्र कागदावर गुणाकार-भागाकार करावा लागतो आणि तिथे मिलिमीटरच बरे. तीन फूट साडेसात इंच दोन सूत याला कोणी ऐंशीने भागून दाखवावं.

आता मूळ उदाहरण. बंगल्याच्या जिन्यावरची खिडकी, रुंदी १८०० मिलिमीटर, एका बाजूची उंची १२०० आणि दुसऱ्या बाजूची २१००. खालचा कट्टा सपाट, वरची कड तिरकी. उंचीतला फरक ९००, म्हणजे दोन फुटांना एक फूट असा चढ. कोन साडेसव्वीस अंशांचा. ट्रॅक या तिरक्या कडेला समांतर बसवायचा. वरच्या कडेची लांबी पायथागोरसच्या हिशेबाने २०१२ मिलिमीटर येते, १८०० नव्हे. पण पुरता २०१२चा ट्रॅक कापून आणला तर तो आत शिरणार नाही. ट्रॅकला जाडी असते आणि त्याचं टोक काटकोनात कापलेलं असतं, त्यामुळे उंच बाजूला त्याचा खालचा कोपरा भिंतीत घुसू पाहतो. ट्रॅक चार सेंटिमीटर जाड असेल तर या उतारावर लांबी दोन सेंटिमीटरने कमी करावी लागते, शिवाय दोन्ही टोकांना सूतभर मोकळीक. हातात येतो तो सुमारे १९८५चा ट्रॅक.

यानंतरची गोष्ट फार थोड्या लोकांच्या लक्षात येते. रनरमधलं ८० मिलिमीटरचं अंतर ट्रॅकच्या रेषेत मोजलेलं असतं. ट्रॅक तिरका झाला की तेच अंतर आडव्या रेषेत फक्त साडेएकाहत्तर उरतं. पट्ट्या एकमेकींवर नऊऐवजी साडेसतरा मिलिमीटर चढतात. यात पडद्याचं नुकसान काही नाही, उलट तो अधिक घट्ट मिटतो. पण पट्ट्या जास्त लागतात. सपाट १८००च्या खिडकीला २३ पुरल्या असत्या, इथे २५ हव्यात. रुंदी बघून २३ मागवल्या की शेवटी काच उघडी राहते आणि त्याच कापडाचा तोच रंग पुन्हा मिळेल याची खात्री नसते.

लागोपाठच्या दोन पट्ट्यांच्या लांबीत फरक येतो ३६ मिलिमीटरचा. एकदा हा आकडा काढला की पंचवीस लांब्या कागदावर उतरवायला पाच मिनिटं लागतात. उतार ४५ अंशांचा असता तर हाच फरक साडेछप्पन्न झाला असता.

तिरक्या ट्रॅकखाली पट्टीचं डोकं मात्र आडवंच असतं, आणि त्यातून पुढची अडचण येते. हुक मधोमध, पट्टीचा उताराकडचा कोपरा ट्रॅकला टेकू पाहतो आणि चढाकडच्या कोपऱ्यावर त्रिकोणी फट पडते. आपल्या उदाहरणात हुकापासून पट्टीच्या कडेपर्यंत ट्रॅक २२ मिलिमीटरने खाली येतो. म्हणून पट्टीचं डोकं ट्रॅकच्या खाली निदान अडीच सेंटिमीटर टांगावं लागतं आणि त्यासाठी लांब हुक लागतो. तो हुक साध्या हुकासारखा ट्रॅकला काटकोनात ताठ असून चालत नाही. त्याला सांधा हवा, म्हणजे रनर तिरका असला तरी पट्टी सरळ लोंबेल आणि वळताना पीळ खाणार नाही. साधे हुक लावून 'होईल ॲडजस्ट' म्हणणाऱ्याला तिथेच थांबवावं. तो पडदा मिटलेला असताना ठीक दिसतो आणि पहिल्यांदा साखळी ओढली की पट्ट्या एकमेकींत अडकतात.

त्रिकोणी फटींतून उजेडाची दातेरी ओळ दिसते. तिच्यावर ट्रॅकच्या पुढे, त्याच उतारात, दहाएक सेंटिमीटरची पेल्मेटची पट्टी लावली की ती झाकते. १२७ मिलिमीटरची रुंद पट्टी घेतली तर या फटी त्याच प्रमाणात वाढतात. चढ जितका तीव्र, तितकी पट्टी अरुंद घ्यावी.

मग पडदा गोळा कुठल्या बाजूला करायचा? सपाट खिडकीत हा आवडीचा प्रश्न आहे, तिरक्या खिडकीत नाही. लांब पट्ट्या उताराकडे ढकलल्या तर ट्रॅक खाली येतो, पट्टीची लांबी मात्र तीच राहते. पाऊण मीटरभर कापड कट्ट्यावर लोळतं. म्हणून पडदा नेहमी उंच बाजूलाच गोळा करायचा. आखूड पट्ट्या वर सरकतात आणि गोळा झालेल्या पडद्याची खालची कड पायऱ्या-पायऱ्यांची दिसते, ते स्वीकारावं लागतं. त्यातही गुरुत्वाकर्षण आडवं येतं. साडेसव्वीस अंशांच्या उतारावर पट्ट्यांच्या एकूण वजनाचा पंचेचाळीस टक्के जोर ट्रॅकच्या दिशेने खाली ओढत असतो. दोरी सोडली की पडदा आपोआप घसरून पसरतो. दोरीला पक्की अडकण किंवा ट्रॅकमध्ये ब्रेक लागतो.

खरं तर जिन्यावरच्या खिडकीला पडदा बाजूला सारण्याची गरजच कितीदा पडते? फक्त वळणाऱ्या पट्ट्या ठेवल्या आणि रनर जागीच कायम केले तर दोरी, अडकण, घसरण सगळंच टळतं. पट्ट्या काटकोनात वळवल्या की बाहेरचं जवळजवळ सगळं दिसतं. काच पुसायची असेल तेव्हा पट्ट्या हुकातून काढता येतात. तिरक्या खिडकीसाठी हा पर्याय सर्वांत टिकाऊ, आणि गिऱ्हाइकाने तो स्वतः मागितला पाहिजे, कारण दुकानात तो सहसा सुचवला जात नाही.

कापणी सगळ्यात शेवटी. कापडी पट्टीच्या डोक्याशी हँगर चिकटवलेला असतो आणि पायाशी घडीत वजन. कापायची ती नेहमी पायाकडून. पीव्हीसीच्या पट्टीला डोक्याशी हुकासाठी भोक पाडलेलं असतं, म्हणून तीही खालूनच. घाई नसेल तर एक रीत फार चांगली आहे. पट्ट्या पूर्ण लांबीच्या टांगायच्या, खाली तात्पुरते चिमटे लावून वजन द्यायचं आणि एक दिवस तशाच सोडायच्या. गुंडाळीचा वाक निघतो. मग गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी किंवा लेझर लावून सगळ्या पट्ट्यांवर एकच आडवी रेषा पेन्सिलने मारायची. कट्टा सपाट आहे असं डोळ्यांना वाटतं, पण पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून त्याला उतार दिलेला असतो आणि लांबीतही तो थोडा कमी-जास्त भरतो. रेषा कट्ट्यावरून नको, पाण्याच्या पातळीवरून हवी, आणि कट्ट्याच्या सर्वांत उंच जागेपासून सेंटिमीटरभर वर.

पट्ट्या उतरवण्यापूर्वी प्रत्येकीच्या मागे क्रमांक लिहायचा आणि पुढची बाजू कोणती त्याचा बाण काढायचा. टेबलावर जाड पुठ्ठा, त्यावर पट्टी, पोलादी फूटपट्टी आणि सुताराचा गुण्या. रेषेच्या खाली घडीपुरतं कापड जास्त ठेवायचं. वजनाची पाटी अडीच-तीन सेंटिमीटर उंच असेल तर साधारण चार सेंटिमीटर. हे मोजायला विसरलं की घडी घातल्यावर सगळा पडदा चार सेंटिमीटरने वर जातो. नवं धारदार पातं घ्यावं आणि एकाच दमात, न थांबता ओढावं. थांबलेल्या जागी सूत निघतं आणि पुढे तिथूनच कड उसवते. घडी गुण्याला लावून नखाने दाबायची, कापडाला चालणारा गोंद किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावायची, गोंद सुकेपर्यंत वर एखादं जड पुस्तक ठेवायचं आणि मग बाजूने वजन सरकवायचं. वजन मधोमध आहे ना ते पाहायचं. पट्टी एकाच बिंदूवर टांगलेली आहे; वजन एका कडेला गेलं की ती किंचित तिरकी लोंबते आणि पंचवीस पट्ट्यांत नेमकी तीच डोळ्यांत भरते.

तिरक्या खिडकीच्या पट्ट्या कापताना सुरुवात सर्वांत लांब पट्टीपासून करावी. ती दोन सेंटिमीटर आखूड कापली गेली तरी वाया जात नाही, शेजारच्या ३६ मिलिमीटरने आखूड जागी ती वापरता येते. आखूड बाजूकडून सुरुवात केली तर चुकलेल्या पट्टीला पुढे जागाच नसते. कारागिरांच्या हाताला हे वळण पडलेलं असतं; घरी काम करणाऱ्याने ते मुद्दाम पाळावं.

कट्टाच तिरका असेल, जिन्याच्या पायऱ्यांबरोबर काचेची खालची कड चढत गेली असेल, तर पट्टीचा पाय तिरका कापण्याचा मोह होतो. तो टाळावा. तिरक्या घडीत वजन बसत नाही. शिवाय पट्टी काटकोनात वळली की ती संपूर्ण कट्ट्याच्या एकाच उंचीवर येते आणि तिचा लांब कोपरा खाली टेकतो. पाय सरळच कापायचा, पट्टीगणिक लांबी बदलायची. खालची कड दातेरी दिसेल. काचेच्या बाहेरून ते जाणवत नाही आणि आतून दोन दिवसांत सवय होते.

या सगळ्या आकारांत उभ्या पट्टीला सर्वांत मानवणारा आकार म्हणजे गोलाई. रोलर ब्लाइंडचा दांडा सरळ असतो, आडव्या पट्ट्या सरळ असतात, त्यांना वळणावर जाताच येत नाही. उभी पट्टी अरुंद असल्यामुळे गोलाईला छोट्या-छोट्या सरळ तुकड्यांत वाटून घेते. एक मीटर त्रिज्येच्या वळणावर ८९ मिलिमीटरची पट्टी खऱ्या गोलाईपासून किती दूर जाते? मध्यभागी फक्त एक मिलिमीटर. डोळ्यांना तो फरक दिसतच नाही.

मुंबईत या गोष्टीला विशेष अर्थ आहे. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाभोवतीच्या आर्ट डेको इमारतींची ओळखच वळलेले कोपरे, गोल सज्जे आणि जहाजाच्या झरोक्यांसारख्या खिडक्या ही आहे. गजानन म्हात्रे यांनी रचलेली १९३७ची सूना महाल मरीन ड्राइव्हच्या कोपऱ्यावर गोल वळून उभी आहे. हा वास्तुसमूह २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. मरीन ड्राइव्हच्या इमारतींचं तोंड समुद्राकडे, म्हणजे पश्चिमेला. दुपारचं ऊन, खारा वारा आणि गोल कोपरा तिन्ही एकत्र. अशा घरांत गोलाईवर सरळ पडदा ताणून लावला की खोलीचा तो कोपरा मेल्यासारखा होतो आणि ज्याने ती भिंत वळवली त्याची सगळी मेहनत झाकली जाते. उभ्या पट्ट्या ती गोलाई तशीच ठेवतात.

त्यासाठी अ‍ॅल्युमिनियमचा ट्रॅक कारखान्यात रोलरमधून वळवून आणतात. आधी पुठ्ठ्यावर किंवा प्लायवर खिडकीच्या वरच्या कडेचा खरा छाप काढून द्यावा. जुन्या इमारतीतली गोलाई नकाशातल्या वर्तुळाशी तंतोतंत जुळत नाही. अडतं ते आतल्या रॉडपाशी. सरळ रॉड वळणातून फिरत नाही. लवचिक रॉड मिळत नसेल तर गोलाईचे तीन-चार सरळ तुकडे पाडून प्रत्येकाला स्वतंत्र साखळी देणं सोपं पडतं. समुद्राजवळ स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. साध्या लोखंडी स्क्रूचा गंज पांढऱ्या भिंतीवर ओघळतो आणि तो डाग रंगातूनही परत वर येतो.

नव्या संकुलांतली बे विंडो त्यामानाने सोपी: तीन सरळ काचा, प्रत्येक कोपऱ्यात ४५ अंशांचं वळण. तीन वेगळे ट्रॅक लावायचे. चुकतं ते एकच. ट्रॅक काचेपासून चार इंच आत येतो आणि आत येताना त्याची लांबी घटते. प्रत्येक कोपऱ्याला एक इंच पाच सूत. मधल्या ट्रॅकला दोन कोपरे असतात, म्हणून तो काचेपेक्षा सव्वातीन इंच आखूड लागतो. काटकोनी कोपरा असेल तर प्रत्येक बाजूला पुरते चार इंच जातात. काचेच्या मापाचे ट्रॅक आणले की कोपऱ्यात ते एकमेकांवर चढतात.

कमानीच्या बाबतीत मत स्पष्ट असावं. कमान जिथून सुटते त्या रेषेवर सपाट ट्रॅक लावावा, खाली पट्ट्या, वरची अर्धगोल काच मोकळी. ऊन फारच असेल तर तिथे काचेला फिल्म चिकटवावी. कमानीच्या आतून ट्रॅक वळवून पट्ट्या टांगता येतात, पण त्या सरकवता येत नाहीत आणि कमानीच्या पायाशी चढ इतका उभा होतो की पट्ट्यांची डोकी एकमेकींवर आदळतात. १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई उच्च न्यायालयासारख्या गॉथिक वळणाच्या इमारतींत टोकदार कमानी हेच सौंदर्य आहे. त्या काळच्या कुठल्याही दगडी इमारतीत काम निघालं तर दगडात भोक न पाडता लाकडी चौकटीतच स्क्रू घ्यावा, आणि वारसा यादीतली इमारत असेल तर आधी परवानगी. दगडातलं भोक बुजवता येतं, पूर्वीसारखं करता येत नाही.

पूर्ण गोल झरोक्यासाठी उभ्या पट्ट्यांच्या वाटेला जाऊ नये. अमेरिकेत व्हरमाँट राज्यात जुन्या शेतघरांना छपरांच्या मधल्या अरुंद भिंतीवर आख्खी आयताकृती खिडकी सुमारे ४५ अंशांत तिरकी बसवण्याची रीत आहे. तिच्या चारही बाजू कलत्या. तिथेही शहाणपणाचा मार्ग हाच की त्या आकाराच्या मागे न लागता भिंतीवर बाहेरून सरळ चौकोनी पडदा लावावा आणि खिडकी त्याच्या पोटात घ्यावी.

ट्रॅक घरी कापावा लागला तर साखळी नसलेल्या टोकाकडून कापायचा. टोकाची टोपी काढायची, रनर दुसऱ्या बाजूला सरकवून टेपने बांधायचे, बारीक दात्यांच्या करवतीने ट्रॅक कापायचा आणि कानशीने कड साफ करायची. अ‍ॅल्युमिनियमचा एक कण आत राहिला तरी रनर अडतो. रॉडही तेवढाच कापायचा, हे राहून जातं. ८० मिलिमीटरहून कमी कापलं असेल तर पट्ट्या फक्त जास्त चढतात, त्याहून जास्त असेल तर एक रनर आणि एक पट्टी काढायची. ब्रॅकेट लिंटेलच्या काँक्रीटमध्ये गिट्टी ठोकून घट्ट बसतं. जिप्समच्या फॉल्स सिलिंगमध्ये नुसता स्क्रू धरत नाही, आत प्लायची पट्टी आधीच टाकून घ्यावी लागते. तिरक्या ट्रॅकला खालच्या टोकाशी एक ब्रॅकेट जास्त द्यावं, कारण सगळा ओढा तिकडेच असतो.

कापड की पीव्हीसी? पावसाळ्यात कोकणात कापडावर बुरशी येते, पीव्हीसी ओल्या फडक्याने पुसता येतं. पण पीव्हीसी साधारण ७५-८० अंश सेल्सिअसला मऊ पडतं आणि त्याच्या बरंच आधीपासून वाकू लागतं. पश्चिमेच्या बंद काचेला खेटून, मे महिन्यात, गडद रंगाची लांब पट्टी त्या बाजूला झुकते आणि एकदा वाकलेली सरळ होत नाही. जिन्यावरच्या उंच खिडकीला हलक्या रंगाचं कापड बरं.

लहान मुलं असलेल्या घरात साखळीचा लोंबता फास ही या पडद्यातली खरी धोक्याची जागा आहे. तो गळ्याभोवती अडकून मुलं दगावल्याच्या घटनांनंतर युरोपात २०१४ मध्ये नियम कडक झाले: साखळी खालच्या टोकाला भिंतीशी ताणून पक्की करायची आणि दोरी गुंडाळायची खुंटी जमिनीपासून निदान दीड मीटर उंच लावायची. तिरक्या खिडकीत साखळी उंच बाजूला असते आणि चांगली दोन मीटर लांब येते, जिन्यावर तर मुलाच्या हाताला ती कुठल्याही पायरीवरून लागते. साखळीऐवजी फिरवायची कडक दांडी मागितली तर बहुतेक ट्रॅकना ती बसते. दांडी नसेल तर साखळीच्या तळाला ताणणारी क्लिप, आणि ती भिंतीत स्क्रूने.

काम झालं की पट्ट्यांच्या क्रमांकांचा आणि लांब्यांचा तो कागद फेकू नये. प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेल्मेटच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावा. दोन-चार वर्षांनी एखादी पट्टी फाटते किंवा डागाळते, तेव्हा पुन्हा कोन मोजायला शिडी लावावी लागत नाही. सतरा नंबरची पट्टी किती लांब, एवढंच वाचून दुकानात सांगायचं असतं.